एझ्रा व्हिटलॉकच्या चेंडूला कुंकू

समस्त मराठी वाचकवर्गास, तसेच अमेरिकेतील बेसबॉलप्रेमी जनतेस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, बेसबॉलच्या आद्य काळातील थोर पिचर कै. एझ्रा व्हिटलॉक यांनी स्वहस्ते सही केलेल्या ऐतिहासिक चेंडूस लीड्स मुक्कामी, खंडेनवमीच्या सकाळी, आमच्या डायनिंग टेबलावर हळदकुंकू वाहण्यात आले. सोबत अक्षता आणि झेंडूचे एक फूल. सदर कृत्य माझ्या सासूबाईंनी केले. चेंडू आमचा नव्हता.

निवेदन संपलं. आता चहा घेऊन बसा, सगळं सांगते.

मी लिलाववाली आहे. यॉर्कशरमधल्या एका जुन्या लिलावघरात खेळांच्या जुन्या वस्तूंचा विभाग सांभाळते, आणि महिन्यातून एकदा उंच चौथऱ्यावर उभी राहून हातोडा आपटते. या नोकरीत कशी शिरले ते सविस्तर सांगत नाही. भूल देणाऱ्या डॉक्टर नवऱ्यामागे इकडे आले, लिलावघरात लेबलं टाइप करायला लागले आणि एके दिवशी साहेबांचा घसा बसला, एवढं पुरे. कॉलेजात असताना एकांकिका स्पर्धेत मला दोनदा मृतदेहाची भूमिका मिळाली होती. ती सगळी कसर यॉर्कशरने भरून काढली. भर सभागृहात दोनशे माणसं श्वास रोखून माझ्या उजव्या हाताकडे बघतायत, हे सुख ज्याने भोगलं नाही त्याला मी काय सांगणार!

आमच्याकडे गिऱ्हाइकं येतात तीही बघण्यासारखी. एका बाईंनी एका गाजलेल्या फुटबॉल मैदानाचा, वीतभर लांबीरुंदीचा गवताचा तुकडा आणला होता. त्या गवताला त्यांनी वर्षानुवर्षं पाणी घातलेलं, कात्रीने कापलेलं. आम्ही तो नीट नंबर लावून गोदामात ठेवला आणि लिलावाच्या दिवशी बाहेर काढला तेव्हा तो वाळून चटईसारखा झाला होता. पाणी घालायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या एका गृहस्थांनी टेनिसचा चेंडू आणला. एका मोठ्या खेळाडूने मारलेला तो चेंडू म्हणे थेट त्यांच्या कपाळावर आदळला होता. "पुरावा काय?" असं विचारल्यावर त्यांनी केस मागे सारून कपाळ दाखवलं. मी म्हटलं, "सर, कपाळही विकायचंय का?"

पुरावा हाच आमच्या धंद्याचा प्राण. वस्तू कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, म्हणजे तिची वंशावळ, ही लग्नाच्या स्थळाइतकी बारकाईने तपासायची. मग तिची अवस्था. ओरखडा, डाग, भोक, जे असेल ते छापील यादीत जसंच्या तसं लिहायचं, लपवायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की वस्तू साफ करायची नाही. आपल्याकडे पाहुणे यायच्या आधी चिंच लावून पितळ घासतात. आमच्या धंद्यात घासलेलं पितळ बघून मोठमोठे पुरुष डोळ्यांना रुमाल लावतात. शंभर वर्षांचा मळ म्हणजे शंभर वर्षांची साक्ष.

आता एझ्रा व्हिटलॉक. तुम्ही नाव ऐकलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. एझ्राच्या काळी पिचर हात खांद्याच्या वर न नेता खालून चेंडू टाकत, हातमोजे नसत, आणि एकच माणूस अख्खा सामना, अख्खा हंगाम चेंडू टाकत राही. एझ्रा टाकण्याआधी इतका वेळ पुतळ्यासारखा उभा राही की फलंदाज घामाघूम होत आणि प्रेक्षक जांभया देत. मग चेंडू सुटायचा आणि फलंदाजाच्या पुढ्यात येऊन असा काही खाली बसायचा की त्याला वाटावं, मध्ये खड्डा होता. काही वर्षं हा माणूस अजिंक्य होता. मग हाताने दगा दिला. बोटं मोडून वाकडी झालेली, कोपर सुजलेलं. तेव्हा हा खेळ इंग्रजांना शिकवायच्या एका मोहिमेवर तो इथे आला. इंग्रजांनी पाहून सांगितलं, "अरे, हा तर आमच्या मुली खेळतात तो राउंडर्स!" आणि घरी चहाला निघून गेले.

एझ्रा मात्र एक हंगाम यॉर्कशरच्या एका गावात राहिला, गिरणी कामगारांना शिकवायला. राहायला होता मिसेस ब्रॅम्ली नावाच्या विधवेकडे. ती रोज त्याच्या कोपराला गरम कोंड्याचं पोटीस बांधायची. जाताना त्याने तिला आपला चेंडू दिला, त्यावर शाईने लिहून: "मिसेस ब्रॅम्लीस, हाताच्या वतीने आभार. एझ्रा व्हिटलॉक." पुढे त्याने ओहायोतल्या आपल्या गावात हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि खिळे विकता विकता तो वारला. गावाने मात्र त्याला विसरायचं नाकारलं. जुन्या अग्निशमन केंद्रात त्याचं एका खोलीचं संग्रहालय आहे. तिथे दुकानाची पाटी आहे, कमरेचा पट्टा आहे, आणि गावच्या दातांच्या डॉक्टरने घेतलेला त्याच्या उजव्या हाताचा प्लास्टरचा साचा आहे. बोटं वाकलेली, तळवा उघडा. रिकामा.

चेंडू होता त्या विधवेच्या पणतीकडे. मिस डोरोथी ब्रॅम्ली, वय ब्याऐंशी, निवृत्त पोस्टमास्तरीण. तिने मला पहिल्या भेटीतच संग्रहालयातल्या त्या हाताचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "हात तिकडे, चेंडू इकडे. हे बरं दिसतं का, लव्ह?" यॉर्कशरमध्ये कुणीही कुणालाही 'लव्ह' म्हणतं, बसचा ड्रायव्हरसुद्धा. त्यात प्रेमप्रकरण नसतं.

"मग देऊन का टाकत नाही संग्रहालयाला?" मी विचारलं.

"अर्धा त्याचा आहे." तिने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. खिडकीबाहेर तिचा भाचा नायजेल माझी गाडी न्याहाळत होता. तिच्या वडिलांच्या, म्हणजे नायजेलच्या आजोबांच्या, मृत्युपत्राने घरातल्या जुन्या वस्तू दोघांच्या नावावर केल्या होत्या. नायजेलचं म्हणणं स्वच्छ होतं: लिलाव करा, जास्तीत जास्त देईल त्याला द्या. आणि जास्तीत जास्त देणारा एक जण होताच, आरंभीच्या पिचरांच्या वस्तू जमवणारा अमेरिकेतला बडा संग्राहक. त्याच्या वस्तू काळोख्या तिजोरीत जातात आणि परत कुणाला दिसत नाहीत. संग्रहालय चालवणाऱ्या लोरेनबाई, निवृत्त शाळामास्तरीण, गावात पॅनकेकच्या न्याहाऱ्या विकून निधी जमवत होत्या. त्या निधीसमोर तो संग्राहक म्हणजे माशीपुढे रोड रोलर.

मला वाईट वाटलं. पण लिलाववालीचं इमान विकणाऱ्याशी असतं, दोन्ही विकणाऱ्यांशी. मी चेंडू डबीत घातला आणि निघाले. तो शनिवार होता.

इथे माझा गुन्हा. नियमाप्रमाणे मी चेंडू सरळ लिलावघराच्या गोदामात न्यायला हवा होता. किल्ल्या होत्या. पण घरी पुरण शिजवायचं होतं, रस्त्याला ट्रॅफिक होतं, आणि मनात म्हटलं, एक दिवस घरी राहिला तर काय होतंय!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या हत्यारांची पूजा करतात. ज्या वस्तूवर पोट चालतं तिला वर्षातून एकदा नमस्कार. माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा स्टेथोस्कोप, स्वयंपाकघरातली विळी, माझा हातोडा. मी आंघोळ करून खाली आले तर टेबलावर पाट मांडलेला, उदबत्तीचा वास, आणि हातोडा, भिंग, टेप, छोटी टॉर्च यांच्या मधोमध, सगळ्यांचा राजा असल्यासारखा, एझ्रा व्हिटलॉकचा चेंडू. त्या जुन्या चेंडूंच्या चार शिवणी संत्र्याच्या सालीसारख्या एका ठिकाणी येऊन मिळतात. बरोबर त्या ठिकाणी, सहीला जवळजवळ चिकटून, ओल्या बोटाने लावलेली हळद आणि त्यावर ठसठशीत कुंकू.

मी आधी उदबत्ती बाजूला सरकवली.

"आई, हे काय केलंत?"

"काय म्हणजे? तुझ्या पिशवीतली हत्यारं काढली. हा चेंडू नवीन दिसतोय. केवढा मळलाय गं! ओल्या फडक्याने चांगला पुसणार होते, म्हटलं आधी पूजा उरकू."

"पुसला नाहीत ना?"

"नाही. फडकं सापडलं नाही."

त्या न सापडलेल्या फडक्याचे माझ्यावर अनंत उपकार आहेत.

श्रीकांत टोस्ट खात होता. "पेशंट स्टेबल आहे का?" त्याने विचारलं. मग म्हणाला, "माझ्या स्टेथोस्कोपचं स्पिरिटने जातं." मी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की तो टोस्टसकट बागेत गेला.

सोमवारी साहेबांसमोर उभी राहिले. आमचे साहेब ह्यूगो, सहा फूट चार इंच, जन्मात कधी आवाज चढवला नाही. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं.

"नीलिमा, हे रक्त आहे?"

"नाही, आदर आहे."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, "हा ॲक्ट ऑफ गॉड धरता येईल का? विम्याच्या फॉर्मवर तसा रकाना आहे."

धरता येत नव्हता. केंब्रिजहून जुन्या कातड्याची आणि शाईची जाणकार बाई आली, तिची फी मी माझ्या खिशातून दिली. दोन दिवस तिने कापसाच्या काड्यांनी डागाच्या कडा चाचपल्या आणि निकाल दिला: हळद उजेडाने फिकट होईल, कुंकू काढायचा प्रयत्न करता येईल, पण शेजारची शाई त्याच ओलाव्याने सुटेल. कुंकू गेलं तर एझ्राचं आद्याक्षरही जाऊ शकतं. तेव्हा काढायचं की ठेवायचं, हे मालकांनी ठरवायचं.

म्हणजे आता मालकांना सांगणं आलं. मी फोन उचलणार तोच आई म्हणाल्या, "चूक माझी. मी येते." साडी, वर कार्डिगन, पायात ट्रेनर्स आणि हातात शंकरपाळ्यांचा डबा अशा वेशात त्या गाडीत माझ्या शेजारी बसल्या. सबंध रस्ताभर मी माफीचं भाषण पाठ करत होते. आई मेंढ्या मोजत होत्या.

मिस ब्रॅम्लीच्या स्वयंपाकघरात मी भाषण केलं. उत्तम झालं, शेवटी माझा स्वर थरथरला तो अभिनय नव्हता. मिस ब्रॅम्लीने चष्मा लावला. तिने चेंडू उजेडात धरला, लाल ठिपक्याकडे पाहिलं आणि आईंना विचारलं, "हे कशासाठी असतं, लव्ह?"

आईंचं इंग्रजी मोजकं आहे, पण त्यांना भीती नाही. "दिस इज हिज टूल. टूल गिव्ह हिम फूड. वन डे इन इयर, वी से थँक यू टु टूल." मग माझ्याकडे वळून मराठीत, "हिला सांग, त्याचंच हत्यार होतं ना हे? मग मी वावगं काय केलं? फक्त शंभरेक वर्षं उशीर झाला."

मी सांगितलं. मिस ब्रॅम्लीने शंकरपाळी तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

"माझ्या आईने दर शुक्रवारी याच्यावरची धूळ झटकली," ती म्हणाली. "थँक यू कुणी म्हटलं नव्हतं त्याला." मग एकदम व्यवहारी स्वरात, "यामुळे किंमत उतरेल?"

"हो," मी मान खाली घालून म्हटलं. "बरीच."

"अरेरे," मिस ब्रॅम्ली म्हणाली.

आयुष्यात मी पुष्कळ अरेरे ऐकलेत. इतका टवटवीत अरेरे ऐकला नव्हता.

तेवढ्यात नायजेल आत आला, आणि पुढची दहा मिनिटं त्या स्वयंपाकघरात टवटवीत काही राहिलं नाही. तो ओरडला त्यात त्याची चूक नव्हती, हे मी आजही मानते. त्याची वस्तू मी निष्काळजीपणे घरी नेली होती. "तुम्ही तिघींनी मिळून केलंत हे!" तो म्हणाला. आईंनी त्याच्यापुढे डबा धरला. "टेक, टेक. यू आर लुकिंग थिन." त्याने रागाच्या भरात मूठभर शंकरपाळ्या उचलल्या आणि मग तोंड भरल्यामुळे त्याला ओरडता येईना. आधी तो म्हणाला, साफ करा. सहीचं अक्षर जाऊ शकतं हे समजल्यावर म्हणाला, हात लावू नका. लिलावघराने आपलं कमिशन सोडून दिलं, तेव्हा कुठे त्याने विक्रीच्या कागदावर सही केली.

छापील यादीत मी लिहिलं: "शिवणींच्या संगमावर बोटाएवढा लाल-पिवळा डाग, अलीकडचा. हळद व कुंकू. मूल्यांकनकर्तीच्या सासूबाईंनी भक्तिभावाने लावलेला. काढता येईल याची हमी नाही." ह्यूगोंनी पेन्सिल उचलली. "'भक्तिभावाने' ठेवायलाच हवं का?" मी म्हटलं, "वंशावळ पूर्ण हवी, सर." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

लिलावाच्या दिवशी सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत मिस ब्रॅम्ली, हिरव्या हॅटमध्ये. तिच्या शेजारी आई, कारण "मी केलंय तर मीच निस्तरायला हवं". पलीकडे हाताची घडी घालून नायजेल. भिंतीशी आमच्या सहकाऱ्याच्या कानाला फोन, फोनवर ओहायोहून लोरेनबाई. तिकडे पहाट होती आणि त्या म्हणे संग्रहालयातच, त्या हाताशेजारी बसल्या होत्या. आणि मध्यभागी उंटाच्या रंगाचा कोट घातलेला एक गृहस्थ, संग्राहकाचा दलाल. त्याच्याही कानाला फोन. सुरू होण्याआधी त्याने मला विचारलं होतं, "माझे अशील विचारतायत, डाग दर्शनी बाजूला आहे का?"

"सर," मी म्हटलं, "चेंडू आहे. त्याला बाजू नसते."

बोली सुरू झाली. दलाल. लोरेनबाई. दलाल. लोरेनबाई. बोली चढत गेली आणि मिस ब्रॅम्लीची हॅट थरथरायला लागली. लोरेनबाईंची एक बोली लागली आणि माझ्या सहकाऱ्याने मला डोळ्यांनीच सांगितलं: ही शेवटची, पॅनकेक संपले.

मी दलालाकडे वळले. तो फोनवर ऐकत होता. ऐकत होता. ऐकतच होता.

मनातून मला हातोडा तिथल्या तिथे आपटायचा होता. पण नायजेल माझ्याकडे बघत होता, आणि खरं सांगायचं तर तो नसता तरी मला ते जमलं नसतं. मी त्या कोटवाल्याला जितकी मुदत दिली तितकी माझ्या आयुष्यात कुणालाच दिली नाही. "सर, विचार झाला? घाई नाही." सभागृहात खोकला नाही, कागदाची सळसळ नाही. "आणखी एक बोली, सर?" "शेवटचं विचारते, सर."

त्याने फोन खाली घेतला. "त्यांना निष्कलंकच हवाय," तो म्हणाला आणि त्याने मान हलवली.

हातोडा पडला. इतक्या जोरात, की ह्यूगोंच्या हातातला चहा सांडला. फोनमधून लोरेनबाईंची किंकाळी सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली. आईंनी टाळ्या वाजवल्या, मग लिलावात टाळ्या वाजवायच्या नसतात असं वाटून थांबल्या, मग सगळेच वाजवतायत म्हणून पुन्हा सुरू झाल्या. मिस ब्रॅम्लीचे दोन्ही गाल टोमॅटो झाले होते.

किमान ठरलेल्या किमतीच्या जेमतेम वर विकला गेला. नायजेलचं नुकसान झालं आणि ते माझ्यामुळे झालं. त्यानंतर मी कुणाचीही वस्तू एका तासासाठीसुद्धा घरी नेलेली नाही. धंद्याच्या हिशेबाने ती माझी सगळ्यात वाईट विक्री, आणि त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी मोठमोठ्याने गात होते, हेही इथे प्रामाणिकपणे नमूद करते.

पण त्याआधी सभागृहात एक गोष्ट घडली. टाळ्या थांबल्या. नायजेल उठला, कोटाची बटणं लावली आणि सुस्कारा टाकून म्हणाला, "चला. सुटलो एकदाचे. आता त्या म्हाताऱ्याचं आपल्याकडे काही उरलं नाही."

मिस ब्रॅम्लीने हे ऐकलं की नाही देव जाणे. ती आनंदाने पार हवेत होती. तिने आईंचा हात दोन्ही हातांत घट्ट पकडला आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा खणखणीत पोस्टमास्तरणीच्या आवाजात म्हणाली:

"लव्ह, ती लाल पूड आणलीये ना बरोबर? माझ्याकडे त्याची टोपीपण आहे!"